टाळेबंदी आणि एक चमचा विरजण

तिसरा_मजला | १९ एप्रिल २०२०, दुपारी ३.१०

आज सव्विसावा दिवस. भांडी झाली, फरशी झाली, नवरा कॉलवर आहे, मुलगा पंख्याकडे बघत लोळतोय. म्हटलं धागा काढावा.

त्याचं असं झालं. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी घरात होतं नव्हतं तेवढं दही फडक्यात बांधून टांगलं. बाजारातलं श्रीखंड मिळायचं नाही हे दिसतच होतं. रात्री आठ वाजता टीव्हीवर एकवीस दिवसांचं जाहीर झालं, तेव्हा चक्क्याचं पाणी खालच्या पातेल्यात टपटपत होतं. पाच मिनिटं घरात तेवढाच काय तो आवाज. सकाळी गुढी उभारली, नैवेद्य झाला, आणि सासूबाईंनी विचारलं, "विरजण बाजूला काढलंस ना गं?"

नव्हतं काढलं. चमचाभरसुद्धा नाही.

आमच्या आईंचं वय ब्याऐंशी. रात्रीचं जेवण म्हणजे ताकभात. वर चिमूटभर हिंग, जिरेपूड, कडेला लिंबाच्या लोणच्याचा खार. गेली कित्येक वर्षं यात बदल नाही. दूध येत होतं, पण डेअरी बंद, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात दह्याचे डबे केव्हाच संपलेले. पहिल्या रात्री आईंनी दूधभात खाल्ला. दुसऱ्या रात्रीही खाल्ला. तक्रार एका शब्दाची नाही, पण ताटात चमचा नुसता फिरवत राहायच्या, आणि रात्री दोन वाजता त्यांच्या खोलीतला दिवा लागलेला दिसायचा.

तिसऱ्या दिवशी लाज सोडली आणि बिल्डिंगच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर लिहिलं, "कुणाकडे चमचाभर विरजण मिळेल का?" आमच्या ग्रुपवर पार्किंग आणि पाण्याची टाकी सोडून तिसरा विषय निघत नाही. दहा मिनिटं शांतता. मग चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा निरोप : "गॅलरीत या."

इथे थोडं मागचं सांगायला हवं. या काकूंच्या बाथरूमचं पाणी आमच्या बाथरूमच्या छतातून गळतं. दोन वर्षं झाली. "पाइप तुमचा" की "स्लॅब सोसायटीचा" यावरून सभेत एकदा असं वाजलं होतं, की तेव्हापासून लिफ्टमध्ये भेट झाली तरी आम्ही दोघी मजल्यांचे आकडे वाचत उभ्या असतो.

गॅलरीत गेले. वरून कपडे वाळत घालायची निळी नायलॉनची दोरी खाली आली. तिला कापडी पिशवी, पिशवीत स्टीलची वाटी, वाटीवर उपडी ताटली आणि दोन्हींना मिळून चार रबरबँड. दुसऱ्या मजल्यावरचा कुत्रा वर बघून भुंकायला लागला. वरून काकू म्हणाल्या, "कोमट दुधात घाला हं, कढत नको. आणि ढवळत बसू नका."

वीस वर्षं संसार करतेय मी. पण त्या वेळी "हो काकू" एवढंच म्हटलं.

त्या रात्री आई ताकभात जेवल्या आणि सकाळी सातपर्यंत झोपल्या. आता भरली वाटी रिकामी परत कशी करायची? कैरीची डाळ करून त्याच पिशवीतून वर पाठवली. दोरी तेव्हापासून तिथेच आहे. कढीपत्ता, अर्धी वाटी रवा, आईंच्या बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप, मुलाला गोष्टीचं पुस्तक, सगळं वरखाली होतं. गळतीही होते. ती आहेच.

तर सांगा, तुम्हाला या दिवसांत कशाचा आधार वाटला? मोठं काही नको. अट एकच : वेब सिरीज आणि डालगोना कॉफी सोडून.

---

खवट_खोबरं | १९ एप्रिल, ३.२८

डालगोना वगळली म्हणजे तुमची फेसाळली नाही असं समजतो.

---

तिसरा_मजला | १९ एप्रिल, ३.३१

चाळीस मिनिटं फेटली. हात भरून आला. शेवटी तिच्यात गरम दूध ओतून नेहमीची कॉफी प्यायलो.

---

शिळी_बातमी | १९ एप्रिल, ५.०२

आम्ही दोघं नारायण पेठेत. मी सत्तर, ही सहासष्ट. मुलगी बंगळूरला. आमच्या भागात मधे इतका कडक बंदोबस्त होता, की दुकानं फक्त दहा ते बारा उघडी. औषधं आणि किराणा आणायला मंडळाची मुलं येतात, त्यामुळे आबाळ काही नाही. पण पेपर बंद झाला आणि माझी सकाळच हरवली. चहा तोच, खुर्ची तीच, पण हातात काही नाही. मोबाईलवर बातम्या वाचून बघितल्या. अंगठा दुखतो आणि बातमी संपतच नाही. पेपर कसा, शेवटच्या पानावर संपतो.

रद्दीवाला तीन महिने फिरकला नव्हता, त्यामुळे माळ्याखाली गठ्ठा होता. २७ मार्चला सहज १ जानेवारीचा अंक काढला आणि वाचायला बसलो. दुसऱ्या दिवशी २ जानेवारीचा. मग नियमच केला. रोज सकाळी सातला एक अंक, तारखेच्या क्रमानं. पुढचं उघडून बघायचं नाही. शब्दकोडं सोडवलेलं असेल तर हिनं ते आधी खोडरबरानं पुसून ठेवायचं (मी पेन्सिलीनं सोडवतो, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं). आज २४ जानेवारीत आहे. भावगीतांच्या कार्यक्रमांच्या जाहिराती आहेत, सेल आहेत, केसरीच्या सहली आहेत. कुणालाच काही माहीत नाही. त्या गर्दीत रोज पाऊण तास जाऊन बसतो.

---

तिसरा_मजला | १९ एप्रिल, ५.२०

काका, अंगावर काटा आला. पण तुम्ही मार्चपर्यंत पोचाल तेव्हा?

---

शिळी_बातमी | १९ एप्रिल, ५.४१

हिचं म्हणणं, फेब्रुवारी संपला की परत १ जानेवारी. बघू.

---

दोन_शिट्ट्या | १९ एप्रिल, रात्री ९.५०

हिंजवडी फेज १. तीन जणांचा फ्लॅट, दोघे २१ तारखेलाच गावाला पळाले, मी "दोन दिवसांत सगळं सुरळीत होईल" म्हणून राहिलो. मेस बंद. स्वयंपाकघरात मालमत्ता : कुकर एक, मॅगी चौदा, आणि आईनं दिवाळीत दिलेली डाळ, जी कुणी फोडलीच नव्हती.

लातूरला आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला. तिनं सांगितलं, तीन शिट्ट्या. शिट्टी झाली. आई म्हणाली, "एक." मी म्हटलं, "आई, ती शेजारची होती." थोड्या वेळानं परत झाली. "आता?" "ही वरच्यांची." आमच्या टॉवरमध्ये साडेबाराला सगळ्यांचे कुकर एकदम बोलतात. शेवटी माझ्याच्या दोनच झाल्या आणि मी घाबरून गॅस बंद केला. भात दाताखाली टणटणीत. तोच खाल्ला.

आता जमतं. पण आई अजून रोज साडेबाराला फोन लावून बसते, शिट्ट्या मोजायला. मीही जमतं असं सांगितलेलं नाही.

---

सुंगटं_सुकीं | २० एप्रिल, सकाळी १०.१५

गोव्यातून. तुमच्याकडे निदान दुकानं तरी उघडी होती. आमच्याकडे पहिले काही दिवस किराणासुद्धा बंद. पोदेर येईना, पाव नाही. मासळी बाजार बंद, आणि मासळी नाही म्हणजे आमच्या घरी जेवण झालं असं कुणी मानतच नाही.

तेव्हा आईनं माळ्यावरून पुरुमेंताचा डबा काढला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून मे महिन्यात सुकी मासळी, सोलं, कडधान्यं, मिरच्या भरून ठेवायची, ते पुरुमेंत. हा डबा गेल्या वर्षीचा, तळाला मूठ-दोन मूठ सुकी सुंगटं (कोळंबी) उरलेली. एरवी मी वासानंच पळायचो. आईनं ती डोकी-शेपट्या मोडून कोरडीच भाजली, ओलं खोबरं, कांदा, सुकी मिरची, चिंचेचा कोळ घालून हातानं चुरली. किसमूर. सोबत उकड्या तांदळाची पेज. अकरा वाजता आम्ही पाच जण ओसरीवर बसून पेज ओरपत होतो आणि वडील म्हणाले, "पूर्वी हेंच खातालीं आमी." तेवढंच. त्यांना मुंबईत बोटीच्या कंपनीत नोकरी लागली त्याच्या आधीचं ते काहीच कधी बोलत नाहीत. त्या दिवशी तासभर बोलले.

---

ताक_नि_टाक | २० एप्रिल, १२.४०

मूळ धाग्याबद्दल : विरजण नसेल तर अडत नाही. मिरचीचे देठ घ्या, सुक्या लाल मिरचीचे असले तर उत्तम. दूध तापवून कोमट करा, बोट बुडवलं तर सोसेल इतपत. त्यात पाच-सहा देठ पूर्ण बुडवा, झाका, उबेला ठेवा. दहा-बारा तास हलवू नका. पहिलं दही पातळ आणि बेचव होईल, ते खायचं नाही, त्याचंच चमचाभर घेऊन दुसऱ्यांदा लावायचं. दुसरं खरं. आमची आजी खानदेशातली, तिच्याकडून शिकले.

---

खवट_खोबरं | २० एप्रिल, १२.४८

म्हणजे धागाकर्तीनं मिरच्यांचे देठ टाकले असते तर काकूंशी भांडण चालूच राहिलं असतं.

---

दोन_शिट्ट्या | २२ एप्रिल, सकाळी ८.०५

प्रयोगाचा अहवाल. देठ चार, दूध अर्धा लिटर. रात्री लावलं. सकाळी वर साय, खाली दूध, मधे देठ तरंगतायत. वास ठसक्याचा. ताई, काय चुकलं?

---

ताक_नि_टाक | २२ एप्रिल, ८.३०

एसी चालू होता का रात्रभर?

---

दोन_शिट्ट्या | २२ एप्रिल, ८.३१

हो.

---

ताक_नि_टाक | २२ एप्रिल, ८.३३

😂 एप्रिल महिना, पुण्याचं ऊन, आणि दह्याला एसीत निजवलं. बाळा, ते पातेलं गव्हाच्या पिठाच्या डब्यात ठेव, झाकण लाव, दिवसभर विसर.

---

दोन_शिट्ट्या | २३ एप्रिल, संध्याकाळी ७.१२

लागलं!!! पातळ आहे पण लागलं. पिठाच्या डब्यात थोडं सांडलंही. उद्या दुसरं.

---

ऱ्हाईनकाठ | २४ एप्रिल, १.०५

ड्युसेलडॉर्फमधून. इथे गंमत उलटी, दही हवं तेवढं, पीठ गायब. यीस्ट आणि टॉयलेट पेपर आधी संपले, मग मैदा. भारतीय दुकानातला आटा तर पहिल्याच आठवड्यात संपला. इथे पिठांना नंबर असतात. ४०५ म्हणजे आपला मैदा, १०५० म्हणजे जरा काळपट. दोन्ही मिसळून पोळ्या करते. लाटताना आक्रसतात, पण फुगतात.

आधार म्हणाल तर, आईला फोन लावून खिडकीत ठेवून देते. बोलत नाही आम्ही. ती तिकडे निवडत-टिपत असते, मी ऑफिसचं काम करते. साताऱ्याच्या अंगणातला कोकिळ माझ्या मीटिंगमध्ये ओरडतो. परवा आमच्या साहेबानं विचारलं, हा कुठला अलार्म?

---

शिळी_बातमी | २६ एप्रिल, सकाळी ८.२०

२२ तारखेला माझ्या हिशोबानं २७ जानेवारीचा अंक यायला हवा होता. पण प्रजासत्ताकदिनाच्या सुट्टीमुळे त्या दिवशी पेपर नसतो. मग मीही सुट्टी पाळली. फार चुकल्यासारखं झालं, खरंच.

आज ३१ जानेवारी. केरळमध्ये देशातला पहिला रुग्ण सापडल्याची बातमी. तेव्हाही मी हा अंक वाचला असणारच, त्या दिवशीचं कोडं माझ्याच अक्षरात भरलेलं होतं. पण ती बातमी वाचल्याचं काही आठवत नाही. त्या दिवशी मी कोड्यातल्या आडव्या सतरावर अडलो होतो, ते मात्र आठवतंय.

आज अक्षय्य तृतीया. आंबा नाही मिळाला. तिसरा_मजला, तुमच्या दोरीवरून एखादा इकडे येईल का?

---

तिसरा_मजला | २६ एप्रिल, ९.००

काका, आमच्या सोसायटीत काल थेट देवगडहून टेम्पो आला, बागाईतदार स्वतः पेट्या घेऊन. दरवर्षी वाशीच्या मार्केटमधून फिरून येणारा आंबा या वर्षी झाडावरून सरळ फाटकात. लोक अंतर ठेवून रांगेत उभे होते आणि पेटीचा वास मात्र कुणाच्या मास्कला जुमानत नव्हता.

---

खवट_खोबरं | ४ मे, दुपारी २.३०

आजपासून ज्या दुकानांपुढे रांगा लागल्यात त्यांचा उल्लेख या सोज्ज्वळ धाग्यावर चालेल का? अडीच तास उभा होतो. पुढे निवृत्त मुख्याध्यापक, मागे त्यांचा माजी विद्यार्थी. दोघांनी एकमेकांना ओळख दिली नाही. मास्कचा खरा उपयोग आज कळला.

---

रात्रपाळी | ६ मे, पहाटे ५.४०

मी नर्स आहे. मुंबईत, सरकारी रुग्णालयात. नाव सांगत नाही.

किट चढवलं की सहा-सात तास पाणी नाही, बाथरूम नाही. चष्म्यावर वाफ. घाम पाठीवरून बुटात उतरतो. ड्यूटी संपली की बेस्टच्या बसनं घरी. आम्ही चाळीत राहतो, संडास-मोरी कॉमन. पहिल्या आठवड्यात शेजारच्यांनी दारं लावून घेतली. राग आला होता, आता नाही. त्यांच्याही घरात म्हातारी माणसं आहेत.

माझा आधार म्हणजे बादली. बस नाक्यावर आली की मी घरी मिस्ड कॉल देते. जिन्याखाली नळाजवळ नवरा कढत पाण्याची बादली, साबण आणि गाऊन ठेवून वर निघून जातो. दोन साड्यांचा आडोसा बांधलाय. पहिला तांब्या डोक्यावर घेते तेव्हा तोंडातून "हा" असा आवाज निघतो. मुलगी वरच्या कठड्यावरून ओरडते, "आई, आज केवढ्यांदा केलंस!" तिला वाटतं मी तिला हसवायला करते.

---

ताक_नि_टाक | ६ मे, ७.१५

सकाळी सकाळी रडवलंत. सांभाळून राहा गं बाई.

---

बिनधार | ९ मे, सकाळी ११.२०

हा धागा मी सुरुवातीपासून वाचतोय. छान आहे, लोभस आहे. पण काल करमाडजवळ सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून चालत निघाले होते, थकून रुळांवरच झोपले. रुळांमध्ये पडलेल्या त्यांच्या पोळ्यांचा फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. आणि इथे दही लागलं की नाही याची चर्चा. माफ करा, पण घर असणाऱ्यांचीच ही मौज आहे.

---

तिसरा_मजला | ९ मे, १२.०५

बरोबर आहे. उत्तर नाही माझ्याकडे. काल रात्री आमच्याकडेही पोळ्या करवेनात.

---

खवट_खोबरं | ९ मे, १२.३०

बिनधार, राग समजतो. पण चाळीतल्या ताई बादलीबद्दल बोलल्या ती मौज नव्हती.

---

बिनधार | ९ मे, १२.४४

त्यांच्याबद्दल नाही म्हटलं. त्यांच्या पोस्टमुळेच आत्तापर्यंत गप्प बसलो होतो.

---

डबल_बेल | १६ मे, रात्री ११.१०

मी एसटीत कंडक्टर. धुळ्याकडचा. लिहायची सवय नाही, भाचा टाइप करून देतोय.

आमच्या गाड्या बंदच होत्या. दीड महिना मी घरी. आता आठवडा झाला, मजुरांना एमपीच्या बॉर्डरला सोडायचं काम. शिरपूरच्या पुढे पळासनेरपर्यंत. भाडं नाही, तिकीट नाही. एका बाकावर एक माणूस. पहिल्या दिवशी गाडी भरली पण कोणी बोलेना. डोक्यावर बोचकी तशीच धरून बसलेले, खाली ठेवायला तयार नाहीत. त्यांना वाटत होतं गाडी पोलीस ठाण्यात नेतात.

मी सवयीनं दोरी ओढली. टण टण. गाडी निघाली. मागून एक म्हातारा हसला, म्हणे, "चली, अब चली." मग सगळ्यांनी बोचकी खाली ठेवली.

इतक्या वर्षांच्या नोकरीत ती दोरी मी किती वेळा ओढली त्याला मोजमाप नाही. तिकिटांची पेटी नसल्यानं हात मोकळेच होते, करायला दुसरं कामच नव्हतं. तर त्या दिवसापासून प्रत्येक थांब्याला निवांत, दोन वेळा, नीट वाजवतो. विचारलंत म्हणून सांगितलं. बॉर्डरवर उतरल्यावर पुढं त्यांना गाडी मिळाली का, ते कळत नाही.

---

बिनधार | १६ मे, ११.५२

मामा, धन्यवाद. भाच्यालाही.

---

शिळी_बातमी | ४ जून, सकाळी ९.१५

काल वादळानं आमच्या वाड्यातली फांदी पडली, बाकी ठीक. कोकणात फार वाईट झालंय म्हणतात.

आज १० मार्चचा अंक. पुण्यात पहिले दोन रुग्ण सापडल्याची बातमी पहिल्या पानावर. फेब्रुवारी संपला तेव्हा हिनं जानेवारीचा गठ्ठा समोर आणून ठेवला होता. मी नको म्हटलं. आज दोघांनी मिळून वाचला. मग तिनं घडी घातली आणि म्हणाली, "बास." ताजा पेपर आता मिळतो, उद्यापासून लावलाय. गठ्ठा रद्दीवाल्याला देणार नाही.

---

पोफळबाग | १८ जून, दुपारी ४.००

श्रीवर्धन तालुक्यातून. एप्रिल-मेमध्ये हा धागा वाचत होतो, तेव्हा लिहायचं होतं की आमचा आधार म्हणजे वाडी. घरबंदी आम्हाला जाणवलीच नाही. सकाळी शिपणं, दुपारी झोप, संध्याकाळी समुद्र.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. दुपारच्या तीन-चार तासांत वाडी झोपली. नारळ मुळासकट, पोफळी तर काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा एकावर एक. घराची निम्मी कौलं गेली. पंधरा दिवस झाले, वीज नाही. हे लिहायला टेकडीवर आलोय, इथे रेंजचा एक दांडा येतो.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पहिली गोष्ट, सेलवरचा रेडिओ. आकाशवाणी रत्नागिरी. अंधारात कंदिलाभोवती चार घरं जमतात आणि त्याच्या आवाजाकडे बघत बसतात. दुसरी, विहिरीवरचा जुना रहाट. पंप आल्यावर तो कुणी हलवला नव्हता, वडलांनी भंगारात देऊ दिला नाही म्हणून राहिला. बेअरिंगला खोबरेल घातलं, फिरला. आता आळीतले लोक घागरी घेऊन येतात.

आणि वडील. वय पंचाहत्तर. रोज पहाटे पंचा गुंडाळून वाडीत जातात, जसे नेहमी शिपण्याला जायचे तसेच. शिपायला काही उरलेलं नाही. पडलेल्या खोडांवरून पाय टाकत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातात, उभी झाडं मोजतात आणि परत येऊन आईला आकडा सांगतात. एकोणचाळीस. रोज एकोणचाळीसच असतात. नवीन पोफळ धरायला सात-आठ वर्षं लागतात हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. परवा आकडा सांगून झाल्यावर म्हणाले, "रोपं बघायला हवीत."

दांडा गेला की पोस्ट जाणार नाही, म्हणून थांबतो.

---

सुंगटं_सुकीं | १८ जून, ५.१०

सुकी मासळी, तांदूळ, ताडपत्री, काय लागेल ते कळवा. रस्ता चालू आहे का?

---

पोफळबाग | २१ जून, १२.१५

रस्ता चालू. तांदूळ आहे. ताडपत्री पाठवलीत तर बरं होईल, पाऊस आत येतो. निरोप पाहिला, पत्ता खासगीत देतो.

---

तिसरा_मजला | २८ जून, सकाळी १०.३०

आजपासून केशकर्तनालयं उघडली. नवऱ्याचे केस मी कापले होते, त्यामुळे तो सकाळी सातपासून रांगेत आहे. फोटो टाकणार नाही.

मधे लिहिलं नाही कारण वरच्या काकांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. महापालिकेची गाडी आली, काका-काकू दोघांना घेऊन गेली. काकूंनी जाताना वर बघितलं, मी गॅलरीत होते, हात कसा करावा तेही सुचलं नाही. त्यांच्या दाराला पट्टी लागली. सोळा दिवस.

दोरी आमच्या गॅलरीसमोर लोंबत होती. पावसानं निळी होती ती काळपट झाली. आई रोज विचारायच्या, "वरचे आले का?" मी म्हणायचे, कळेल.

आणि कळलं ते असं, की काल संध्याकाळी बाथरूममध्ये गेले आणि छतातून टप्प झालं. सोळा दिवस कोरडं होतं. मी तिथेच उभी राहून दुसऱ्या थेंबाची वाट बघितली. तोही पडला. बाहेर येऊन आईंना सांगितलं, "काकू आल्या."

आज सकाळी दोरी हलली. पिशवी खाली आली, तीच वाटी. रिकामी. सोळा दिवसांत त्यांच्या फ्रिजमधलं दही काय झालं असेल ते सांगायलाच नको. मी दोन चमचे विरजण घातलं, वर ताटली, चार रबरबँड, आणि ओरडून सांगितलं, "कोमट दुधात हं काकू, ढवळत बसू नका."

---

ताक_नि_टाक | २८ जून, १०.४१

वा!

---

दोन_शिट्ट्या | २८ जून, १०.५०

आणि प्लंबर?

---

तिसरा_मजला | २८ जून, १०.५२

बोलावते. घाई नाही.